इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत कॅन्सरची डॉक्टर: अनुभव आणि प्रश्नोत्तरं

बोरीकाठ | १२ जानेवारी, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी.

मी रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे रेडिएशननं कॅन्सरवर उपचार करणारी डॉक्टर. मूळची धाराशिव जिल्ह्यातली. एमडी मुंबईत केलं, पुढे काही वर्षं तिथेच काम केलं. गेली अकरा वर्षं इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत आहे, त्यातली सहा कन्सल्टंट (वरिष्ठ तज्ज्ञ) म्हणून. महिन्याला दोन-तीन तरी निरोप येतात, "मॅडम, यूकेला यायचंय, काय काय करावं लागेल?" प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहिते. परीक्षा आणि व्हिसा यांचं नंतर बघू. आधी कामाबद्दल लिहिते, कारण त्याबद्दल कुणी विचारत नाही आणि इथे आलेला माणूस अडखळतो तो तिथेच.

इथे क्लिनिकल ऑन्कॉलॉजिस्ट रेडिएशनही देतो आणि केमोही. मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट फक्त औषधं देतो. आपल्याकडे मोठ्या रुग्णालयांत या दोघांमध्ये भिंत असते, त्यामुळे मला आल्यावर केमोचा अभ्यास जवळजवळ पहिल्यापासून करावा लागला. माझा आठवडा साधारण असा जातो: दोन ओपीडी, केमोच्या पेशंटांचा एक दिवस, एक अख्खा दिवस सीटीच्या चित्रांवर एकेक काप बघत रेडिएशनची जागा आखण्यात, आणि मंगळवारी सकाळी एमडीटी. एमडीटीत सर्जन, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट, आम्ही आणि कॅन्सरच्या नर्सेस एकत्र बसतो. पॅथॉलॉजिस्ट स्लाइड पडद्यावर लावतो, रेडिओलॉजिस्ट स्कॅन उघडतो आणि पेशंटचं काय करायचं ते सगळ्यांसमोर ठरतं. इथल्या कॅन्सरसेवेवरच्या १९९५ च्या काल्मन-हाइन अहवालानंतर हे इथे रुजत गेलं. एकट्यानं निर्णय घेण्याची सवय असलेल्याला पहिले काही महिने हे जड जातं. मला गेलं. आता एमडीटीशिवाय निर्णय घ्यायचा म्हटलं तर हात धजणार नाही.

आता पैशाचं. मुंबईत बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला की माझा पहिला प्रश्न असायचा, "रेशन कार्ड कुठलं, पिवळं की केशरी?" दुसरा, "घरात कमावतं कोण?" उपचार त्यावरून ठरायचा. एक बाई होत्या, त्यांना ट्रास्टुझुमॅब या स्तनाच्या कॅन्सरवरच्या महागड्या औषधाचे अठरा डोस हवे होते. सहा झाले, शेताचा तुकडा गेला, सातव्याला त्या आल्याच नाहीत. इथे पहिल्या वर्षी तेच औषध एका पेशंटला लिहिताना माझं पेन थांबलं. मी सवयीनं मान वर करून सोबत आलेल्या नवऱ्याकडे बघितलं, त्याला परवडेल का याचा अंदाज घ्यायला. तो आपला शांतपणे पाण्याची बाटली उघडत होता. त्या क्षणी मला कळलं की हा प्रश्न या खोलीत नाहीच.

तो प्रश्न वरच्या पातळीवर मात्र आहे. १९९९ मध्ये नाइस ही संस्था सुरू झाली. औषधानं आयुष्य किती वाढतं, त्या आयुष्याचा दर्जा काय आणि त्यासाठी किती पैसे पडतात याचा हिशोब ती करते. वर्षानुवर्षं ही रेषा चांगल्या आयुष्याच्या एका वर्षामागे २०,००० ते ३०,००० पौंड अशी होती. औषध त्यात बसलं नाही तर "नाही" येतं, आणि ते "नाही" पेशंटला समोर बसवून मलाच सांगावं लागतं. जगात औषध आहे, तुम्हाला मिळणार नाही. हे सांगणं सोपं नसतं, पण ते श्रीमंताला आणि गरिबाला एकाच शब्दांत सांगावं लागतं.

पैसे मागत नाही, पण वाट बघायला लावते अशी ही व्यवस्था आहे. जीपीनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, तातडीनं पाठवल्यापासून ६२ दिवसांत पहिला उपचार सुरू व्हावा आणि हे ८५ टक्के पेशंटांच्या बाबतीत घडावं, असा नियम आहे. देशपातळीवर हे उद्दिष्ट २०१५ नंतर गाठलं गेलेलं नाही. माणसं कमी आहेत. रॉयल कॉलेज ऑफ रेडिओलॉजिस्ट्सच्या २०२३ च्या गणनेत क्लिनिकल ऑन्कॉलॉजीत सुमारे १५ टक्के डॉक्टर कमी भरले. रविवारी रात्री झोप उडते ती याच्यामुळे. पेशंट फार आहेत म्हणून नव्हे. मुंबईत मी यापेक्षा कितीतरी जास्त पेशंट बघत होते. यादीतलं एखादं नाव पुढच्या आठवड्यावर ढकलावं लागतं, तेव्हा त्या नावाचा चेहरा मला माहीत असतो.

शेवटी ज्याच्यासाठी हा धागा काढला ते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

एक मराठी आजी. चाळीसेक वर्षं इथे राहिलेल्या, दुकानात आणि बसमध्ये चालेल इतकं इंग्रजी. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, काखेतल्या गाठीही काढलेल्या. नातेवाइकांना दुभाषी करू नये असा इथला दंडक आहे, पण आतापर्यंत प्रत्येक वेळी मुलानंच ऐकलं होतं आणि आईला अर्धं सांगितलं होतं. मी मराठी आहे म्हटल्यावर तो मला बाहेर कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाला, "ताई, आईसमोर कॅन्सर शब्द नको. साधी गाठ होती, काढली, एवढंच."

मुंबईत मी हे हजारदा ऐकलं होतं आणि मानलंही होतं. कागद मेहुण्याच्या हातात द्यायचे, पेशंटला "बरं होईल हं" म्हणायचं. दुष्टपणा नव्हता त्यात. तेव्हा मला ती मायाच वाटायची.

आत आले. खुर्ची आजींच्या बाजूला ओढली, आमची नर्स दुसऱ्या बाजूला बसली. विचारलं, "आजी, रिपोर्ट आलेत. तुम्हाला सांगू, की मुलाशी बोलू?"

"दुखणं माझ्या अंगात आहे ना? मग मला सांग."

सांगितलं. शब्द वापरला. आजी गप्प बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मुलगा खिडकीकडे बघत होता. मग त्यांनी विचारलं, "ह्या हातानं पोळ्या लाटता येतील?"

काखेतल्या गाठी काढल्या की हाताला सूज येऊ शकते, त्यामुळे प्रश्न अगदी नेमका होता. आमच्या माहितीपत्रकात बागकामाचं आहे, पोहण्याचं आहे, पोळ्यांचं नाही. मी नर्सला इंग्रजीत सांगायला गेले, जमेना. शेवटी टेबलावर पेन आडवं ठेवलं आणि दोन्ही हातांनी लाटून दाखवलं. तिनं ते उचलून स्वतः करून पाहिलं, खांद्यापासून जोर कुठे येतो ते बघितलं आणि फिजिओथेरपिस्टला लिहून दिलं. "आधी दोनच लाटा, मग हात उशीवर ठेवा, दर आठवड्याला एक वाढवा." आजींनी मान डोलावली आणि पहिल्यांदा मुलाकडे बघून म्हणाल्या, "घरात इतके दिवस हळू आवाजात फोन चालायचे ते ह्याच्यासाठीच ना?"

इथे यायचं असेल तर परीक्षा द्याच, पण पेशंटशी एकट्यानं, डोळ्याला डोळा भिडवून खरं बोलायचा सराव आजपासून तुमच्याच वॉर्डात सुरू करा.

---

ऑरेंजसिटी | १३ जानेवारी, सकाळी ७.१५

मॅडम, वाचून कालची राउंड आठवली. एका पेशंट काकांचे रिपोर्ट मी त्यांच्या जावयाला समजावत होतो आणि काका तिथेच कॉटवर बसून माझ्याकडे बघत होते.

मी रेडिएशन ऑन्कॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विदर्भातल्या सरकारी कॉलेजात. तिकडे यायला प्लॅब ही सगळ्या डॉक्टरांसाठीची परीक्षा द्यावी की आपल्या विषयाची एफआरसीआर? आणि पगाराचं थोडं मोकळेपणानं सांगाल का? घरी कर्ज आहे, म्हणून विचारतो.

---

बोरीकाठ | १३ जानेवारी, रात्री ११.०५

विचारण्यात गैर काही नाही.

इथे डॉक्टर म्हणून काम करायला जनरल मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते. तिच्यासाठी एक रस्ता प्लॅबचा, त्याचा दुसरा भाग मँचेस्टरलाच येऊन द्यावा लागतो. दुसरा रस्ता पूर्ण एफआरसीआरचा. ती असेल तर प्लॅब लागत नाही. तुमचं एमडी होतंय, त्यामुळे मी एफआरसीआर म्हणेन. अभ्यास वाया जात नाही, फिजिक्स आणि रेडिओबायॉलॉजी ताजी असतानाच पहिला भाग उरका. इंग्रजीची परीक्षा दोन्ही वाटांवर बहुधा लागतेच: आयईएलटीएस असेल तर एकूण ७.५ आणि प्रत्येक भागात किमान ७, किंवा ओईटी. मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह नावाची दोन वर्षांची योजनाही आहे. शिकून परत जायचं असं आधीच मनात असेल तर ती चांगली.

नुसती प्लॅब देऊन, कर्ज काढून इकडे येऊन बसू नका. पास झालेली कितीतरी मुलं महिनोन्महिने नोकरी शोधत एका खोलीत चौघं राहताना मी बघितली आहेत. हल्ली जागांसाठी चुरस फार वाढली आहे. हातात नेमणुकीचं पत्र आल्याशिवाय तिकीट काढू नका.

पगार: इंग्लंडमध्ये कन्सल्टंटची २०२४-२५ ची मूळ श्रेणी वर्षाला साधारण १,०५,००० ते १,४०,००० पौंड होती. पण कन्सल्टंट होईपर्यंत बरीच वर्षं जातात. आधीच्या पदांना बरंच कमी मिळतं, वर ठरावीक रकमेपुढच्या कमाईवर ४० टक्क्यांचा कर, घरभाडं, पाळणाघर. कर्ज फिटेल, पण पहिल्या दोन वर्षांत फिटेल असं घरी सांगू नका.

आणि काकांशी उद्या बोला. जावयाला बाहेर चहाला पाठवून.

---

पारिजात | १४ जानेवारी, दुपारी १.३०

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूची. याच देशात गेल्या वर्षी माझा उपचार झाला.

चांगलं आधी सांगते. केमो सुरू होताना मला पाकिटात मावेल असं एक कार्ड दिलं होतं: मी केमोवर आहे, ताप आला तर थांबवून ठेवू नका, आणि चोवीस तासांचा फोन नंबर. केमोच्या तिसऱ्या फेरीनंतर रात्री दोनला थर्मामीटर ३८.२ दाखवत होता. नवरा म्हणाला, क्रोसिन घे, सकाळी बघू. मी कार्डवरच्या नंबरला फोन केला. पलीकडच्या नर्सनं पाचच प्रश्न विचारले आणि म्हणाली, आत्ता निघा. रिसेप्शनवर कार्ड ठेवलं, आणि तासाच्या आत हाताला सलाईन आणि त्यातून अँटिबायोटिक सुरू. पांढऱ्या पेशी जवळपास शून्य होत्या. क्रोसिन घेऊन झोपले असते तर हे लिहायला मी नसते.

आता दुसरं. त्याच्या आधी एका स्कॅनच्या रिपोर्टसाठी मी तीन आठवडे थांबले. रुग्णालयाचं नाव घेत नाही. रोज फोन, रोज "अजून आला नाही". भारतात पैसे टाकून संध्याकाळी रिपोर्ट मिळाला असता. त्या तीन आठवड्यांत मी स्वयंपाकघराचे सगळे कप्पे घासून काढले, कारण बसवत नव्हतं. डॉक्टर, तुम्ही लिहिलंत की नावाचा चेहरा तुम्हाला माहीत असतो. हे कुणी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आज वाचून बरं वाटलं.

---

डिचोलीकार | १४ जानेवारी, रात्री ९.२०

मी मूळची गोव्याची. इथे इंग्लंडमध्ये कॅन्सर वॉर्डात हेल्थकेअर असिस्टंट आहे. आंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं, हेच माझं काम. नवीन येणाऱ्या डॉक्टरांना माझी विनंती: इथे कन्सल्टंटही मला नावानं हाक मारतो आणि मीही त्याला नावानं. आपल्याकडून आलेले काही डॉक्टर पहिले सहा महिने माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. पेशंट रात्रभर कण्हत होता का, जेवण मागे सारलं का, हे मलाच माहीत असतं. मला विचारा.

---

गोदाकाठ | १५ जानेवारी, रात्री ११.५०

बोरीकाठ, मनापासून लिहिलंत, म्हणून मीही मनापासून लिहितो. राग मानू नका.

मी मराठवाड्यात आहे. सकाळी नऊला ओपीडी उघडतो, दुपारचे चार वाजतात. निम्मी माणसं तोंडाच्या कॅन्सरची. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे, पण पानटपरीवर सुपारीची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी शेजारी-शेजारी लटकतात, गिऱ्हाईक हातावर एकत्र करतं. बायकांची मिशरी वेगळीच. तोंड एक बोट उघडतं, तेव्हा माणूस दवाखान्यात येतो. महात्मा फुले योजनेत उपचाराचे पैसे निघतात, ही मोठी गोष्ट आहे. पण सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि पाच आठवडे राहायचं कुठे, हे कुठल्याच योजनेत नाही. मी रेडिएशन लिहून देतो आणि तिसऱ्या आठवड्यात माणूस गावाला निघून जातो. कापणी असते.

तुमच्याकडे ६२ दिवसांची चर्चा होते. आमच्याकडे घड्याळ सुरूच होत नाही. तुमच्यासारखी दहा माणसं इथे असती तर? हा प्रश्न रात्री पडतो तुम्हाला?

खरं सांगण्याबद्दल मात्र तुमचं पटलं. मीही नातेवाइकांनाच सांगत आलोय.

---

बोरीकाठ | १६ जानेवारी, रात्री १०.१५

राग कसला? पडतो. खोटं बोलणार नाही.

मी गेले त्याची कारणं तेव्हा खरी होती: नवऱ्याची नोकरी, मुलगी लहान, आणि पैशापायी उपचार अर्धे राहिलेले बघून आलेला थकवा. ती कारणं सांगून तुमच्या ओपीडीतला एकही माणूस कमी होत नाही, हे मला समजतं.

एक आठवण सांगते. माझी आत्या आमच्या गावातच राहायची. १९९९-२००० च्या सुमारास गावात बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलची माणसं आली, बायकांची तपासणी करायला. आत्या लाजत लाजत गेली. ती घरी आल्यावर आजी तिला रागावली होती, एवढंच मला आठवतं. पुढे एमडीला असताना २००९ चा एक शोधनिबंध वाचत होते, 'न्यू इंग्लंड जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकातला. उस्मानाबाद जिल्हा, ५२ गावगट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गर्भाशयमुखाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्या एचपीव्हीच्या एकदाच केलेल्या तपासणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. मी ते पान हातात धरून किती वेळ बसले होते! त्या आकड्यात माझी आत्या होती.

इथे २००८ पासून शाळेतल्या मुलींना एचपीव्हीची लस देतात. बारा-तेरा वर्षांच्या असताना लस मिळालेल्या मुलींमध्ये हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. २०२३ च्या सप्टेंबरपासून एकच डोस देतात. एक डोस पुरतो याच्या पुराव्यात भारतातल्या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. २०१० मध्ये सरकारनं लसीचे अभ्यास मध्येच थांबवले, त्यामुळे बऱ्याच मुलींना ठरलेले सगळे डोस मिळालेच नाहीत, आणि नंतर दिसलं की एकाच डोसवर थांबलेल्याही सुरक्षित राहिल्या. त्या अभ्यासाच्या केंद्रांतही बार्शी होतं. माझ्या मुलीला इथल्या शाळेत तो एक डोस मिळाला, त्या दिवशी मी तिला बार्शीबद्दल सांगितलं. ते देणं माझ्याकडे आहे, गोदाकाठ. कसं फेडायचं ते तुमच्यासारख्यांनी सांगावं.

---

सह्याद्री७२ | १७ जानेवारी, सकाळी ८.४०

थोडा वेगळा प्रश्न. आईवडील सहा महिन्यांसाठी माझ्याकडे बर्मिंगहॅमला येत आहेत, व्हिजिटर व्हिसावर. आईच्या आतड्यात पॉलिप (छोटी गाठ) निघाला होता. इथे काही झालंच तर एनएचएसमध्ये दाखवता येईल ना? मी दरवर्षी कर भरतो.

---

बोरीकाठ | १७ जानेवारी, रात्री ९.३०

फार महत्त्वाचा प्रश्न विचारलात. तुमच्या कराचा त्यांना उपयोग नाही. व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला जीपीची भेट आणि अपघात विभागातली पहिली तपासणी फुकट असते. तिथून भरती झाली किंवा ओपीडीला पाठवलं की बिल सुरू होतं, तेही एनएचएसच्या दराच्या १५० टक्क्यांनी. तातडीचा उपचार पैशासाठी अडवत नाहीत, पण बिल मागून येतंच. तातडीचा नसेल तर २०१७ पासून पैसे आधीच भरावे लागतात.

म्हणून निघण्याआधी तिथेच कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीनं तपासणी, करून घ्या, रिपोर्टच्या प्रती सोबत आणा, आणि प्रवास विमा काढताना पॉलिपचं लपवू नका. लपवलं तर विम्याचा दावा बाद होतो. मी एका मुलाला हातात बिल घेऊन कॉरिडॉरमध्ये बसलेलं बघितलंय, वडील आत वॉर्डात होते.

---

गोदाकाठ | १८ जानेवारी, रात्री १२.१०

आत्याचं वाचलं. दोनदा वाचलं.

देण्याचं म्हणालात म्हणून विचारतो. आमच्याकडे लिनॅक, म्हणजे रेडिएशन देणारं यंत्र, बसलंय. स्तनाच्या कॅन्सरला मी अजून पाच आठवडे देतो, कारण तेच शिकलो. पाच दिवसांत संपवायची पद्धत तुम्ही वापरता का? माझ्या पेशंट बायकांचं पाच आठवड्यांचं राहणं पाच दिवसांवर आलं तर कापणी सुद्धा चुकणार नाही. पण मी इथे एकटा आहे, आखणी बरोबर झाली की नाही हे बघायला दुसरं कुणी नाही. भीती वाटते.

---

बोरीकाठ | १८ जानेवारी, सायंकाळी ७.००

रोज वापरते. फास्ट-फॉरवर्ड नावाचा अभ्यास, ४,०९६ पेशंट, यूकेतली ९७ रुग्णालयं. पाच वर्षांचे निकाल २०२० मध्ये आले. तीन आठवड्यांत १५ वेळा मिळून ४० ग्रे (रेडिएशनच्या डोसचं माप), किंवा एका आठवड्यात ५ वेळा मिळून २६ ग्रे. कॅन्सर उलटण्याचं प्रमाण २६ ग्रेच्या गटात जास्त नव्हतं. साध्या जिल्हा रुग्णालयांतल्या बायका एवढ्या संख्येनं एका अभ्यासात येतात, कारण सगळी एकाच व्यवस्थेतली आहेत. या सेवेची ही बाजू मला सगळ्यात प्रिय आहे.

पण घाई नको. त्या मुख्य अभ्यासात काखेलाही रेडिएशन लागणाऱ्या बायका नव्हत्या, आणि तुमच्याकडे उशिरा येणाऱ्यांत त्याच जास्त असणार. त्यांना १५ द्या. पाच आठवड्यांचे तीन झाले तरी दोन आठवड्यांची मजुरी वाचली. पाचवाल्या निवडून घेऊ. पाच वेळांच्या पद्धतीत प्रत्येक वेळचा डोस मोठा असतो, त्यामुळे आखणीत आणि हृदयाच्या डोसमध्ये चूक चालत नाही. डोसचं गणित बघणाऱ्या तुमच्या फिजिसिस्टलाही सोबत बसवा.

रविवारी संध्याकाळी साडेसातला वेळ आहे? माझ्याकडे दुपारचे दोन असतील. पेशंटचं नाव, नंबर काढून टाका, एका वेळी दोनच केसेस. तुम्ही आखा, मी बघते.

---

गोदाकाठ | १८ जानेवारी, रात्री ११.३०

आहे. फिजिसिस्ट येतो म्हणाला. दोन्ही केसेस डाव्या स्तनाच्या आहेत, हृदयाच्या बाजूच्या.

---

ऑरेंजसिटी | १९ जानेवारी, सकाळी ६.५०

मीही बसू का? बोलणार नाही, नुसता ऐकतो.

काकांशी बोललो काल. जावई बाहेर होते. काका म्हणाले, "डॉक्टर, बिडी सोडून आठ दिवस झाले, तुम्ही विचारलंच नाही."

---

बोरीकाठ | १९ जानेवारी, दुपारी १२.२०

बसा. आणि ऐकू नका नुसतं, दुसरी केस तुम्ही आखून आणा.